सिंथेसायझरची हौस आणि हौसेचे मोल

‘हौसेला मोल नाही’ असे आपल्याकडे म्हणतात. अर्थशास्त्राला हे वचन मान्य होण्यासारखे नाही. हौसेला मोल असते, ते कोणी तरी मोजत असतो, आणि आपण नेमके काय विकत घेतले याचा मोजणाऱ्याला पुष्कळदा पत्ता नसतो. विजेच्या साहाय्याने ध्वनी निर्माण करणारे सिंथेसायझर हे वाद्य आणि त्याच्यामागे लागलेले जगभरचे हौशी वादक यांच्याइतके बोलके उदाहरण याबाबत क्वचितच सापडेल. ज्याला सभागृहात वाजवावयाचे नाही, ध्वनिमुद्रिका विकावयाची नाही, असा माणूस दिवसभराची नोकरी आटोपून रात्री कानाला हेडफोन लावतो आणि एकाच स्वराचा पोत बदलत तासन्‌तास बसतो. याला निव्वळ कालापव्यय म्हणावे की एक प्रकारचे उत्पादन, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

या वाद्याचे मूलतत्त्व दुर्बोध नाही. तार छेडून वा हवा फुंकून ध्वनी काढण्याऐवजी तो विद्युत्‌मंडलातील कंपनांपासून काढावयाचा. गाळणीतून गाळावे तसे त्यातील नको असलेले उपस्वर फिल्टरने वगळावयाचे. आणि उरलेला नाद किती वेगाने चढावा, किती टिकावा व कसा विरावा हे ठरवावयाचे. सतार सतारीसारखीच वाजते. सिंथेसायझर कशासारखा वाजेल हे मात्र वाजविणाऱ्यालाच आधी ठरवावे लागते. वाद्य घडविणे आणि वाद्य वाजविणे या दोन क्रिया येथे एक होतात. हौशी माणसाला भुरळ पडते ती नेमकी याच ठिकाणी.

छंदातून उद्योग

या उद्योगाचा उगमही छंदातच आहे. अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी शाळकरी वयात, हात न लावता वाजविता येणारे थेरेमिन हे वाद्य स्वतः जुळविले. पुढे वडिलांच्या साहाय्याने त्यांनी थेरेमिन व त्याचे सुटे भाग विकण्याचा घरगुती व्यवसाय मांडला. त्यातूनच १९६४ साली त्यांचा पहिला सिंथेसायझर उभा राहिला. १९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांनी बाखच्या रचना या यंत्रावर वाजवून काढलेली ध्वनिमुद्रिका अफाट खपली आणि यंत्राचे नाव सर्वतोमुखी झाले. १९७० मध्ये आलेला सुटसुटीत मिनिमूगही सुमारे दीड हजार डॉलर किमतीचा होता. म्हणजे सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेरचाच. ही पोकळी भरून काढली ती ओक्लाहोमा येथे जॉन सायमन्टन यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या ‘पाया’सारख्या कंपन्यांनी. त्या तयार वाद्याऐवजी आराखडा व सुटे भाग पाठवीत. जोडणी ग्राहकाने करावयाची. भांडवलाची उणीव श्रमाने भरून काढण्याचा हा जुनाच मार्ग होता; पण त्यामुळे ग्राहकाला वाद्याबरोबर त्याची विद्याही मिळत गेली.

भारतात मूगचे यंत्र आश्चर्य वाटावे इतक्या लवकर आले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी ते बसवून दिले. तेथे गीता साराभाई प्रभृतींनी केलेले प्रयोग पुढे फितींवर पडून राहिले आणि थेट २०२३ साली प्रकाशित झाले. संस्थेच्या भिंतीबाहेर हौशी वर्ग निर्माण झाला नाही, याचे कारण उघड आहे. ज्या देशात परकीय चलनाचा प्रत्येक डॉलर हिशेबाने खर्च होत असे, तेथे असे वाद्य आयात करणे सामान्य माणसाला कोठून शक्य होणार?

टाकाऊ यंत्राचे भाग्य

किंमत आणि मूल्य यांची फारकत पाहावयाची असेल तर जपानच्या रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ या यंत्राकडे पाहावे. एकट्याने गिटार वाजविणाऱ्याला खर्जाची साथ मिळावी म्हणून ते १९८१ साली बाजारात आले. साथ कृत्रिम वाटू लागली, ग्राहक फिरकेनात आणि १९८४ मध्ये उत्पादन बंद पडले. जुन्या बाजारात ते मातीमोलाने विकले जाऊ लागले, तेव्हा शिकागोतील काही तरुणांच्या हाती लागले. त्यांनी यंत्राच्या खुंट्या निर्मात्याला अभिप्रेत नव्हत्या तशा पिळल्या आणि १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड हाऊस’ या नृत्यसंगीताचा जन्म झाला. आज तेच यंत्र संग्राहकांच्या बाजारात मूळ किमतीच्या अनेक पटींनी महाग आहे.

याच यंत्राचा आणखी एक धागा मुंबईशी जुळतो. चित्रपटसृष्टीतील अनुभवी वादक चरणजित सिंग यांनी टीबी-३०३सह रोलँडची यंत्रे घेऊन १९८२ साली दहा रागांची डिस्कोच्या ठेक्यावरील ध्वनिमुद्रिका काढली. ती खपली नाही. २०१० मध्ये तिचे पुनर्प्रकाशन झाल्यावर मात्र, शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत असा नाद घुमला होता, हे पाहून जग चकित झाले. फरक प्रतिभेचा नव्हता. शिकागोत यंत्र स्वस्त होऊन अनेकांच्या हाती पडले, म्हणून परंपरा निर्माण झाली. मुंबईत ते एका व्यावसायिकाच्या हाती राहिले, म्हणून प्रयोग एकाकी ठरला.

स्वस्ताईइतकाच महत्त्वाचा ठरला तो एक करार. १९८३ पर्यंत एका कंपनीचे वाद्य दुसरीच्या वाद्याशी सहजी जोडता येत नसे. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ व जपानमधील इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ‘मिडी’ ही समाईक संकेतपद्धती ठरली आणि तिच्यासाठी कोणाकडूनही स्वामित्वशुल्क न घेण्याचे ठरले. अर्थशास्त्रात जिला सार्वजनिक वस्तू म्हणतात, तिचा हा उत्तम नमुना होय. त्या काळचे वाद्य आजच्या संगणकाशी जोडता येते ते यामुळेच.

फुकटाचा पेच

संगणकाने तर किमतीचा प्रश्नच उलटा केला. सॉफ्टवेअरची जादा प्रत काढण्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो. २०१७ साली आलेले ‘व्हीसीव्ही रॅक’ तारांनी जोडावयाच्या मॉड्यूलांचे आख्खे कपाट पडद्यावर विनामूल्य उभे करते. साध्या संगणकावर एखादा विद्यार्थी आज जे करू शकतो, त्यासाठी १९७० मध्ये सुसज्ज स्टुडिओ लागला असता. या हिशेबाने फुकट वस्तूने महाग वस्तूला बाजारातून हुसकावून लावावयास हवे होते. परंतु जर्मनीच्या डीटर डेप्फर यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास रूढ केलेल्या मॉड्यूलांच्या मापावर आज असंख्य लहान कारागीर यंत्रे घडवितात आणि हौशी लोक ती घेतात.

याची कारणे दोन. हजार ध्वनी फुकट मिळाले की निवड करण्यातच रात्र सरते. चार खुंट्यांचे यंत्र मात्र मर्यादा घालून माणसाला कामाला लावते. दुसरे कारण टिकाऊपणाचे. टीबी-३०३ची हुबेहूब नक्कल करणारे ‘रीबर्थ’ हे सॉफ्टवेअर १९९०च्या दशकात लोकप्रिय होते. पुढे त्याचा विकास थांबला आणि त्याची आयपॅडवरील आवृत्तीही २०१७ मध्ये मागे घेतली गेली. २०१९ मध्ये अ‍ॅपलने आपली संगणकप्रणाली बदलताच अनेकांची विकत घेतलेली जुनी सॉफ्टवेअरे नव्या प्रणालीवर चालेनाशी झाली. मूळ यंत्र बिघडले तर निदान उघडून दुरुस्त करता येते. ज्याला आपण खरेदी समजलो ते वस्तुतः भाडे होते, हे सॉफ्टवेअरच्या ग्राहकाला उशिरा कळते.

अर्थात यंत्रांच्या भक्तांनाही दोष आहेच. पुढचे यंत्र आले की आपले संगीत सुधारेल, या आशेवर कपाटे भरतात आणि रचना अपुऱ्या राहतात. असा संग्रह म्हणजे हौस नव्हे, तो उपभोग होय. आणि त्याला खतपाणी घालण्यास विक्रेते सदैव तत्पर असतात.

महाराष्ट्राला ही तफावत नवी वाटू नये. पेटी परदेशातून आली. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके तिला मज्जाव केला. तरी नाट्यसंगीताने आणि घरोघरच्या हौशी हातांनी तिला आपलेसे केले. वाद्य परके असो वा कृत्रिम, ते आपले होते ते खरेदीने नव्हे, सरावाने. महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र-प्रयोगशाळांतून अशी विनामूल्य साधने विद्यार्थ्यांपुढे ठेवली, तर त्यासाठी मोठा खर्च येणार नाही, आणि ध्वनिलहरींचा पाठ कानांनीही शिकता येईल. हौसेचे खरे मोल पैशात नव्हे, तर ती माणसाकडून किती तास काम करवून घेते यात असते. ते मोल ज्याने चुकते केले, त्याला यंत्र महाग होते की फुकट, हे पुढे आठवतही नाही.