एक्स-रे, सीटी स्कॅनच्या किरणांनी कॅन्सर होतो का? भीती किती, काळजी किती

कासारवाडी : सीटी स्कॅन सांगितला की घरात पहिला प्रश्न येतो, "त्याच्या किरणांनी कॅन्सर होतो म्हणे?" धोका असतो, पण फार थोडा.

किरणांचा डोस मिलीसिव्हर्टमध्ये मोजतात. माती, हवा, आकाशातून प्रत्येकाला वर्षाला जगात सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतातच. छातीच्या एका एक्स-रेचा डोस ०.१ किंवा त्याहूनही कमी. पोटाच्या सीटीचा मात्र साधारण ८ ते १०. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हे किरण नसतातच.

किरण पेशीतल्या डीएनएला इजा करतात. बहुतेक इजा शरीर दुरुस्त करतं, एखादी चुकून राहते आणि कित्येक वर्षांनी त्रास देऊ शकते. आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार १० मिलीसिव्हर्टमुळे २००० माणसांत साधारण एका जादा कॅन्सरची शक्यता. एरवीही नऊ भारतीयांत एकाला आयुष्यात कॅन्सर होण्याची शक्यता असते, म्हणजे त्याच २००० मध्ये सव्वादोनशेच्या आसपास. म्हणून अपघात किंवा गाठीच्या संशयात डॉक्टरांनी सांगितलेला सीटी भीतीपोटी टाळू नका. जुनी फिल्म आणि रिपोर्ट मात्र जपून ठेवा, नाहीतर तोच स्कॅन पुन्हा काढावा लागतो. गरोदर असाल तर आधीच सांगा.

खरी काळजी रोज किरणांजवळ काम करणाऱ्यांनी घ्यायची. कास्टिंगमध्ये पोकळी आहे का, वेल्डिंगच्या जोडात भेग आहे का, हे बघायला कारखान्यात एक्स-रे किंवा इरिडियम-१९२ वापरतात. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा अशा कामगारांसाठी पाच वर्षांत सरासरी वर्षाला २० मिलीसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या आत. पण मर्यादेच्या आत आहे म्हणजे धोका शून्य, असं नाही. फ्रान्स, ब्रिटन, अमेरिकेतल्या तीन लाखांहून जास्त अणुकामगारांच्या २०२३ च्या अभ्यासात थोडा थोडा डोस साठत गेला तसे कॅन्सरचे मृत्यू वाढलेले दिसले. उलट केरळात करुनागप्पल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतूनच जास्त किरण येतात, तिथे २००९ च्या अभ्यासात कॅन्सर वाढलेला आढळला नाही. शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. तोवर डोस जमेल तितका कमी ठेवणं हेच शहाणपण.

छातीवरचा टीएलडी बॅज किरण अडवत नाही, फक्त मोजतो. तो लॉकरमध्ये ठेवून काम केलं तर कागदावर डोस शून्य, अंगावर मात्र खरा. दर तीन महिन्यांनी बॅज तपासला जातो, तो आकडा मागून घ्या. शूटिंग चालू असताना दोरीच्या आत जाऊ नका. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाईवर येतो.