साठीनंतर गाडी चालवताना

साठी उलटली म्हणून कुणाचे लायसन्स काढून घेणे आम्हाला पटत नाही. तपासणी मात्र कसून हवी. २०१९ च्या दुरुस्तीनुसार वयाच्या ५५ व्या वर्षानंतर नूतनीकरण पाचच वर्षांसाठी होते व त्यासाठी डॉक्टरांचा ‘१-अ’ नमुन्यातील दाखला लागतो. मुदत संपून वर्ष उलटले नसेल, तर गाडी चालवून दाखवावी लागत नाही. जपानमध्ये पंचाहत्तरीनंतर आकलनशक्तीचीही चाचणी घेतात.

आपल्या दाखल्यात एक प्रश्न असतो : दिवसाउजेडी २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का? मोतीबिंदूच्या पुष्कळ रुग्णांना ती वाचता येते. पण रात्री समोरच्या दिव्यांनी त्यांचे डोळे दिपतात. गळीत हंगामात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली पुढे असली म्हणजे? (ट्रॉलीवाल्यांनाही कुणी तपासावे!) काचबिंदू त्याहून फसवा. त्यात बाजूची नजर हळूहळू जाते आणि रुग्णाला पत्ताही लागत नाही.

म्हणून दाखल्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांचा दाब व बाजूची नजर तपासून घ्यावी. मधुमेह असल्यास पडदाही. मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा गाडी चालवता येते. तोवर दिवेलागणीनंतर किल्ली मुलाकडे किंवा सुनेकडे द्यावी.