पुरवठ्याची साखळी : हा कसला अभ्यास?

गेल्या पावसाळ्यात एक पालक माझ्याकडे आले. खजुरी बाजारात त्यांचे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे. मुलीने बारावीनंतर पुरवठा-साखळी व्यवस्थापनाकडे जाण्याचा हट्ट धरला होता आणि आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी अर्जही आणला होता. "सर, ट्रक मोजायला आणि गुदामाच्या किल्ल्या सांभाळायला पाच वर्षे कॉलेजात कशाला घालवायची?" असा त्यांचा सवाल. हीच शंका समितीतील काही सभासदांनाही आहे, असे मागाहून कळले. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तिचा थोडा खुलासा करतो.

त्यासाठी एक खेळच सांगतो. अमेरिकेतील एम. आय. टी. या विद्यापीठात जे फॉरेस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 1960 च्या सुमारास रचला आणि आज देशोदेशींच्या व्यवस्थापन-विद्यालयांत तो खेळवतात. मूळ खेळ बिअरच्या खोक्यांचा आहे. शाळेत ते शोभले नसते, तेव्हा अकरावीच्या वर्गात मी खोक्यांत वह्या भरल्या! चार मुले चार जागी बसतात : किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखानदार. एकमेकांशी बोलायचे नाही. मागणी चिठ्ठीवर लिहून मागे सरकवायची. माल हाती यायला काही आठवडे लागतात. माल पडून राहिला तर दंड, आणि गिऱ्हाइकाला वेळेवर देता आला नाही तर दुप्पट दंड. गिऱ्हाईक चार आठवडे दर आठवड्याला 4 खोकी मागते, पाचव्या आठवड्यापासून 8, आणि पुढे शेवटपर्यंत 8च. हा एवढा बदल, आणि तोही फक्त दुकानदारालाच दिसतो.

झाले काय? दुकानदाराने घाबरून 12 मागितली. घाऊक व्यापाऱ्याने 12 पाहून 20 लिहिली. कारखानदारापर्यंत आकडा तिशीपलीकडे गेला. आधी सगळीकडे टंचाई, मग ढीगच ढीग. कारखानदार झालेला मुलगा वैतागून म्हणाला, "गिऱ्हाईक फार लहरी आहे." गिऱ्हाइकाने तर एकदाच मन बदलले होते!

गाडीवान मनगट जरासे हलवतो आणि आसुडाचे टोक मात्र केवढे तरी उसळते, तसाच हा प्रकार. इंग्रजीतही त्याला आसुडाचेच नाव मिळाले आहे. 1997 मध्ये हाउ ली व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी त्याची चार कारणे दाखवली. खालच्याची मागणी हाच खरा खप समजणे, थोडा थोडा माल न मागवता एकदम मोठी मागणी नोंदवणे, भाव उतरले की भरमसाट खरेदी करणे, आणि टंचाईच्या भीतीने गरजेहून जास्त मागणे. यातले चौथे कारण मी सांगताच ते पालक हसले. कोरोनानंतर 2021 मध्ये शाळा टप्प्याटप्प्याने उघडू लागल्या, तेव्हा वह्या मिळणार नाहीत या धास्तीने त्यांनी एकाच गरजेसाठी तीन व्यापाऱ्यांकडे मागणी नोंदवली होती. तिघांचाही माल आला.

म्हणजे या शास्त्रात मालाइतकीच बातमीची वाहतूक शिकायची असते. खरा खप मागच्यांना किती लवकर आणि किती स्वच्छ कळतो, यावर साठा, भांडवल आणि कामगारांची रोजी अवलंबून असते. मुंबईच्या डबेवाल्यांचा अभ्यास हार्वर्डने 2010 मध्ये आपल्या पाठांत घेतला. 1890 मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेले हे काम. त्याच्या वक्तशीरपणाचे कौतुक सारेच करतात. मला मात्र वेगळेच महत्त्वाचे वाटते. डबेवाल्याला खपाचा अंदाज बांधावाच लागत नाही. प्रत्येक डब्याला ठरलेले घर, ठरलेला धनी, आणि झाकणावर रंगाने लिहिलेली खूण. आपल्या दुकानदाराचे नशीब एवढे सोपे नाही.

बाकी अभ्यासात गणित पुष्कळ. एका वेळी किती माल मागवावा याचे सूत्र फोर्ड हॅरिस यांनी 1913 मध्ये दिले. त्याप्रमाणे इतर खर्च तेच असतील, तर खप चौपट झाला तरी एका खेपेचा माल दुप्पटच करावा. नुसत्या अंदाजाने हे कोणाला सुचणार? मुलीचे गणित कच्चे असेल, तर शिष्यवृत्ती देण्यापूर्वी विचार करावा, हेही मी त्या पालकांना स्पष्ट सांगितले.

सोयीची गोष्ट ही की, फार दूर जाण्याचे कारण नाही. राऊच्या टेकडीवरील आय. आय. एम. 1996 मध्ये स्थापन झाली आणि बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम तिने 2011 मध्ये सुरू केला. त्यात आरंभी गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र अशी पायाभरणी होते. साखळीचा विषय पुढे येतो. पदवीनंतर जायचे, तर पवईची संस्था आहे. 1963 मध्ये नीटी या नावाने निघालेली ही संस्था 2023 मध्ये आय. आय. एम. मुंबई झाली, या विषयात तिचा लौकिक मोठा आहे. प्रवेशपरीक्षा दोन्हीकडे कठीण, आणि फी आपल्या घरांना झेपणारी नाही. म्हणूनच हा अर्ज आपल्याकडे आला.

ते गृहस्थ जाताना म्हणाले, "सर, त्यातल्या चौकटीच्या वह्या अजून माळ्यावर आहेत. मुलीनेच मोजून ठेवल्या आहेत." पालकाच्या रकान्यात त्यांनी सही केली. समितीची बैठक व्हायची आहे.