आतपाव मेथी

नागपुरात एका ओळखीच्या घरी टीव्हीखालच्या फळीवर एक टोपली होती. त्यात रिमोट, दोन चष्मे आणि बिलं. बाहेरून गेरूचा रंग, त्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेषांनी काढलेला वारली नाचाचा फेर. "हॅण्डमेड आहे," यजमानीण म्हणाली. हा शब्द हल्ली ज्या सुरात म्हणतात, त्याच सुरात. मी टोपली सहज उचलली. वाटली होती त्यापेक्षा खूपच हलकी निघाली. नाकाजवळ आली तेव्हा मात्र माझा हात थबकला. मेथीचा वास. भाजीचा नाही, दाण्यांचा. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईच्या खोलीत असायचा तसा, लाडू, डिंक आणि शेगडीच्या धुराबरोबर दाराआडून येणारा कडवट, उबदार वास.

टोपली कुणाकडून घेतली, तर "वरठीच्या एक काकू आहेत." पुढच्या रविवारी मी सकाळच्या गाडीत बसले.

नागपूरहून कामठी, कन्हान मागे टाकत तासाभरात गाडी भंडारा रोडला पोचते. हे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीत आहे. भंडारा शहर तिथून दहा-बारा किलोमीटर. मोहाडी तालुक्यातल्या या गावाची ओळख बाहेर सांगायची तर दोनच गोष्टी सांगतात, मुंबई-हावडा मार्गावरचं हे स्टेशन आणि सनफ्लॅगचा पोलाद कारखाना. टोपल्यांसाठी इथे कुणी येत नाही. रिक्षावाल्याला मी "कागदाच्या टोपल्या" म्हटलं, तर तो आधी मला प्लास्टिकच्या दुकानाकडेच न्यायला निघाला होता.

काकूंचं घर स्लॅबचं आहे, दोन खोल्या आणि वर गच्ची. सत्तरीला आलेल्या, अंगाने काटक, नऊवारी सोडून पाचवारी नेसायला लागून तीस वर्षं झालेल्या. त्यांनी आधी मला "मॅडम" म्हटलं, पाणी दिलं, आणि कुठल्या कार्यालयातून आले ते विचारलं. कुठल्याच नाही म्हटल्यावर जरा सैल बसल्या.

अंगणात न्हाणीजवळ एक प्लास्टिकची बादली झाकून ठेवली होती. झाकण काढलं आणि तो वास आला, पण नागपूरच्या घरात आला तसा नाही. हा ओला, आंबूस, अंगावर येणारा. चार दिवस पाण्यात मुरलेलं वर्तमानपत्र. पावसाळ्यात ग्रंथालयाच्या तळमजल्यावर येतो तसा काहीसा. त्यात अजून मेथी पडायची होती.

"एका किलोले आतपाव मेथी," काकू म्हणाल्या. "कमी नाई, जास्त नाई. जास्त टाकली तं हाताले चिकटते, कमी टाकली तं उंदीर खाते."

आतपाव म्हणजे अर्धा पाव, सव्वाशे ग्रॅम. त्या दिवसात हे मी त्यांच्या तोंडून किमान सहा वेळा ऐकलं. कागद किती फाडायचा, किती मळायचा, किती वाळवायचा, या सगळ्याला उत्तर "अंदाजानं". मेथी मात्र आतपाव. रात्री भिजवलेले दाणे त्यांनी पाट्यावर घेतले आणि वरवंटा फिरवायला सुरुवात केली. बघता बघता त्याचा लाळेसारख्या तारा सुटणारा बुळबुळीत गोळा झाला. या बुळबुळीतच सगळी गोम आहे. मेथीच्या दाण्यात पाणी धरून फुगणारा डिंकासारखा पदार्थ भरपूर असतो. तो कागदाच्या तुटक्या तंतूंना एकमेकांशी धरून ठेवतो. आणि कडवटपणा किडीला, उंदराला नको असतो. खळ आणि औषध एकाच दाण्यात.

वर्तमानपत्राच्या कागदाला अशा मदतीची गरजच असते. हा कागद लाकूड नुसतं रगडून केलेल्या लगद्याचा, तंतू आखूड, लाकडातला चिकट भाग तसाच राहिलेला, म्हणून तर तो चार दिवस उन्हात राहिला की पिवळा पडतो. चांगला हातकागद सुती चिंध्यांचा असतो, लांब तंतूंचा. तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा कागद करणारे आले आणि खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा वसला, असं तिथे सांगतात. इकडे जवळ म्हणजे वर्धा. १९३४ साली गांधीजींचा ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचं काम पाहणारे कुमारप्पा तिथल्या मगनवाडीत बसले आणि हातकागदाचे प्रयोग सुरू झाले. ते काम पुढे नेणाऱ्या के. बी. जोशींच्या खटपटीतून १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. काकूंना मी मगनवाडीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "ते मेथी टाकत का?"

नाही, बहुधा नसावेत. ते कागद करत होते, काकू कागद संपवतात. त्यांच्याकडे येणारा कागद आधीच एकदा जगून झालेला असतो.

रद्दीतही निवड आहे. गुळगुळीत पुरवणी बाजूला. तिच्यावर मातीसारखा थर असतो, ती लवकर भिजत नाही आणि गोळ्यात खड्यासारखी लागते. कात्री वापरायची नाही, हातानेच फाडायचं. फाडलेल्या कडेला तंतू मोकळे होतात, कापलेल्या कडेला ते तिथेच संपतात. हे कारण माझं. काकूंचं कारण वेगळं, "कातरीनं कापलं तं कागदाले समजतच नाई का भिजाचं आहे." लग्नपत्रिका आल्या की त्यावरचा गणपती आधी नखाने सोलून काढायचा. असे गणपती एका बिस्किटाच्या डब्यात साठवलेले होते, शेकड्याने. मोठे, छोटे, सोनेरी, मोदक खाणारे, लोडाला टेकलेले. वर्षातून एकदा ते वैनगंगेत जातात. श्रद्धांजलीच्या जाहिरातीतले फोटोही भिजवायचे नाहीत. "चेहऱ्याले कसं कुटाचं, पोरी?" एव्हाना मी मॅडमची पोरी झाले होते.

मग कुटणं. ते फार वेळ चालतं आणि त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखा आहे तो गुंड. पितळेचं मोठं पोट असलेलं पाण्याचं भांडं, विदर्भात त्याला गुंडच म्हणतात. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव. तिथल्या भांड्यांच्या दुकानात जुनं फुटकं पितळ मोडीच्या भावाने तोलून घेतात आणि कोपऱ्यात ढीग लागतो. काकूंनी तिथल्याच एका ढिगातून हा गुंड उचलला, वीस-बावीस वर्षांपूर्वी. बुडाला भोक होतं, काठ चेपलेला. दुकानदार म्हणाला, बाई, यात पाणी राहणार नाही. यांना पाणी ठेवायचंच नव्हतं. यांना त्याचं पोट हवं होतं.

गुंड पालथा घातला. त्यावर जुन्या लुगड्याचा ओला तुकडा, एकही चुणी न ठेवता. मग मळलेल्या लगद्याचा भाकरीच्या उंड्याएवढा गोळा बुडावर ठेवून काकू थापायला लागल्या. भाकर थापतात तसंच, पण उलट्या दिशेने. मध्यातून खाली, उतारावर, काठाकडे. तळहाताचा खालचा भाग दाबतो, बोटं पसरवतात, आणि डावा हात गुंड जरा जरा फिरवत राहतो. जाडी बोटाच्या अर्ध्या पेराएवढी. दर फेरीला अंगठा टेकवून त्या बघायच्या. जिथे अंगठा खोल जाईल तिथे चिमूटभर लगदा अजून. मी मिनिटं मोजायला सुरुवात केली होती, पण त्यांच्या हातांकडे पाहताना मोजायचं विसरले. मागून एक मालगाडी गेली, लांबलचक, घराच्या भिंतीला कंप देत. त्या कंपाबरोबर त्यांचा हात थांबला नाही, फक्त हलका झाला.

"गाडी जाते तवा दाबाचं नाई. तडा जाते."

खरंच जातो का, मला माहीत नाही. पण थर ओला असतो आणि आत धातू थरथरतो, तेव्हा अगदीच अशक्यही नाही. सवयीने माणूस किती बारीक गोष्टी धरून ठेवतो.

पहिले दोन दिवस सावलीतच. वैशाखातल्या भंडाऱ्याच्या उन्हात ओली टोपली ठेवली तर बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो, आणि भेगा पडतात. मग ऊन, मग गुंडावरून उतरवणं, आतून पुन्हा एक पातळ हात, काठाला साडीची पट्टी, बाटलीने घोटणं, गेरू, चुना. वारली चित्रं काढते नात, मोबाइलमध्ये बघून. आमच्याकडे वारली कुठून आले, हा प्रश्न मी विचारला नाही.

जाताना मी मनात एक लेख तयार करून नेला होता. शहरात ज्याला पुनर्वापर, छंद, क्राफ्ट म्हणतात ते खेड्यात गरज म्हणून पूर्वीपासून चालत आलंय. गरिबीला आपण नवं नाव दिलं, असा काहीतरी. त्यातली निम्मी गोष्ट खरीही आहे. मूळ टोपली नव्हतीच, मूळ डागडुजी होती. बुरडाकडून घेतलेलं बांबूचं सूप, टोपली घासून विरली, फटीतून तांदळाची कणी गळायला लागली की बायका कागद-मेथीचा लगदा करून ती आतून लिंपायच्या. सूप आणखी दोन-चार सुगी चालायचं. काकूंच्या सासूबाई हेच करायच्या. नुसत्या लगद्याची टोपली हे त्यातूनच पुढे आलेलं.

तेव्हा मी विचारलं, गरजेपोटीच ना हे सगळं?

काकू हसल्या. जरा कीव आल्यासारख्या. "गरज कायची जी? प्लास्टिकची टोपली बजारात पन्नास रुपयांत भेटते. हे करता करता माये पाच दिवस जाते. मी तं हौशीनं करतो."

मग त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. फळीवर सात-आठ टोपल्या होत्या, एकीतही काही ठेवलेलं नव्हतं. एक कोयरीच्या आकाराची. एक अगदी लहान, वाटी पालथी घालून केलेली. एक फसलेली, एका बाजूने कललेली, ती सगळ्यात पुढे. वापरायच्या नाहीत का? "कायले? फुटन ना." नागपूरची ती टोपली विकत घेतलेली नव्हती. काकू यजमानिणीच्या मोलकरणीच्या आत्या लागतात, त्यांनी भाचीला दिली, भाचीने मालकिणीला. माझ्या लेखाचा पाया तिथेच ढासळला. रिकाम्या टोपल्यांची ती फळी आणि टीव्हीखालची ती फळी, यात मला जो फरक सांगायचा होता तो मला दिसेना. उलट रिमोट ठेवून नागपूरकरणीनेच टोपलीला कामाला लावलं होतं.

एका ठिकाणी मात्र मी हट्टाने बोलले. मोठ्या टोपलीत काकूंची सून तीळ ठेवणार होती. वर्तमानपत्राच्या शाईत काय काय असतं ते मी सांगितलं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असं बजावलंय. २०१८ च्या नियमांत तर त्याला मनाईच आहे. सासूबाईंच्या काळच्या सुपात तोच कागद होता हे खरं, पण म्हणून ते बरोबर होतं असं नाही. सुनेने ऐकलं. काकूंनी ऐकून घेतलं. तिळाचा डबा स्टीलचा निघाला, आणि त्या टोपलीत गणपतींचा बिस्किटाचा डबा गेला.

परत आल्यावर मी घरी केली. स्टीलचं पातेलं पालथं घातलं, ओढणीचा तुकडा अंथरला. पाट्याऐवजी मिक्सर. मेथी घरात होती तेवढी टाकली, डब्याच्या तळाशी उरलेली. टोपली दिसायला बरी झाली, मी फोटोही काढला. आठव्या दिवशी बुडाशी करडे ठिपके, दहाव्या दिवशी त्यावर लव. जून लागला होता.

भाचीकडून नंबर घेऊन काकूंना फोन केला.

"मेथी कितीक टाकली?"

मी जरा घुटमळले. असेल तेवढी, म्हटलं.

पलीकडून काही बोलणं आलं नाही, फक्त गाडीचा भोंगा ऐकू आला, आणि ती गाडी पूर्ण जाईपर्यंत आम्ही दोघी थांबलो.

"वास कसा येते?"

मी टोपली नाकाशी धरली. कुबट. मेथीचा पत्ता नाही.

"मंग तोडा अन् कडकडीत पान्यात टाका," काकू म्हणाल्या. "कागद कुठं जाते? चार दिसानं पुन्हा करा. आन आतपाव तोलून घ्या बरं, पोरी."

फोन ठेवून मी गॅसवर पाणी ठेवलं. टोपली तोडायला वाटली होती तितकी सोपी नव्हती. कागद कागदाला बराच घट्ट धरून बसला होता. बुडाचा एक तुकडा सुटला तेव्हा आतल्या बाजूला शब्दकोड्याचे चार चौकोन दिसले, त्यातले दोन कुणीतरी भरलेले. माझंच अक्षर होतं.