नऊशे मिलिग्रॅमची गोळी आणि अठरा महिन्यांचा हिशेब

१५०, ७५, ४०० आणि २७५. क्षयरोगाचा रुग्ण उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत रोज जी गोळी घेतो, तिच्यातल्या चार औषधांची ही मिलिग्रॅममधली वजने आहेत. रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड, इथाम्ब्युटॉल. बेरीज ९००. म्हणजे औषधाखेरीज काहीही न घालता गोळी जवळजवळ एक ग्रॅमची झाली. भुकटी बांधून ठेवणारे द्रव्य, पोटात गेल्यावर गोळी फोडणारे द्रव्य, यंत्राच्या पंचला ती चिकटू नये म्हणून लागणारे मॅग्नेशियम स्टिअरेट आणि वरचे कोटिंग हे सगळे उरलेल्या अडीचतीनशे मिलिग्रॅममध्ये बसवायचे, कारण गोळी याहून मोठी झाली तर माणसाला गिळवत नाही. ही बसवाबसव करणारा माणूस म्हणजे फॉर्म्युलेशन केमिस्ट. लुपिनचा चिकलठाणा एमआयडीसीतला कारखाना क्षयरोगाच्या औषधांसाठी ओळखला जातो. छत्रपती संभाजीनगरात या कामाचा विचार करायचा तर याच गोळीपासून सुरुवात करावी.

कारण या गोळीत केवळ जागेची अडचण नाही. रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड यांचे आम्लात पटत नाही. जठरातल्या आम्लात रिफाम्पिसिन मोडू लागते आणि मोडलेला तुकडा आयसोनियाझिडशी जोडला जातो. रक्तात पोहोचणारे रिफाम्पिसिन त्यामुळे कमी पडू शकते. गोळीत मोजून १५० मिलिग्रॅम आहे, प्रयोगशाळेचा अहवाल चोख आहे, तरी रुग्णाला पूर्ण मात्रा मिळेलच असे नाही. म्हणून ग्रॅन्युल कसे करायचे, कोणते औषध कोणाशेजारी ठेवायचे, गोळी किती वेळात विरघळवायची, हे प्रश्न इथे जिवावरचे होतात. मूळ औषधाशी तुलना करताना रक्तातल्या प्रमाणाच्या गुणोत्तराचा ९० टक्के विश्वास-अंतराल ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावा लागतो. या कामाच्या मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ८० आणि १२५ हे दोन आकडे पाठ असतात. ते कशासाठी आहेत, हे सांगता येणारे कमी असतात आणि निवड बहुधा त्यांचीच होते.

दुसरे उदाहरण याच शहरालगतच्या वाळूजचे. एफडीसीच्या ‘इलेक्ट्रल’च्या पाकिटावर वाळूजचा पत्ता अनेकांनी वाचला असेल. ओआरएस म्हणजे मीठ-साखर, त्यात केमिस्टचे काय काम, असे वाटू शकते. जागतिक आरोग्य संघटनेचे जुने सूत्र एक लिटर पाण्यासाठी असे होते: ३.५ ग्रॅम मीठ, २० ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.५ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट. दमट हवेत बायकार्बोनेट आणि ग्लुकोज एकत्र टिकेनात. पावडर तपकिरी पडायची, तिचे खडे व्हायचे. १९८४ साली बायकार्बोनेटच्या जागी २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आले आणि पाकीट साध्या आवरणातही टिकू लागले. पुढे २००२ मध्ये मीठ २.६ आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅमवर आणले गेले, द्रावणाची ऑस्मोलॅरिटी ३११ वरून २४५ झाली. एकूण वजन २७.९ वरून २०.५ ग्रॅम झाले. दुसरा बदल डॉक्टरांच्या अभ्यासातून आला. पहिला बदल निव्वळ फॉर्म्युलेशनचा होता, आणि खेड्यापाड्यातल्या कुडाच्या घरात ठेवलेले पाकीट सहा महिन्यांनी कामास येते ते त्यामुळे.

आजच्या सूत्रात ग्लुकोज सुमारे ६६ टक्के आणि पोटॅशियम क्लोराइड ७ टक्क्यांच्या आसपास. दोन्हींच्या कणांचा आकार वेगळा असेल तर मिक्सरमधून काढून हॉपरमध्ये ओतताना बारीक कण खाली आणि जाड वर असे ते सुटे होतात. पहिल्या पाकिटात पोटॅशियम कमी, शेवटच्यात जास्त. चाळणी कितीची, मिसळायचे किती मिनिटे, हे ठरवणे इतके महत्त्वाचे असते ते यासाठी.

आता काळाचा हिशेब. नव्या औषधी उत्पादनाची टिकाऊपणाची चाचणी ४० अंश सेल्सियस आणि ७५ टक्के आर्द्रतेत ६ महिने चालते. किमान तीन बॅच लागतात आणि त्यांतल्या दोन पायलट आकाराच्या असाव्या लागतात. पायलट म्हणजे अंतिम बॅचच्या एक दशांश किंवा एक लाख गोळ्या, जे जास्त असेल ते. आपली क्षयरोगाची गोळी १.२ ग्रॅमची धरली तर एक लाख गोळ्यांना १२० किलो माल लागतो. त्यात मॅग्नेशियम स्टिअरेट एक टक्का म्हणजे १ किलो २०० ग्रॅम. प्रयोगशाळेत एक किलोच्या लॉटला तीन मिनिटे मिसळून जे जमले, ते १२० किलोला तसेच जमत नाही. कमी मिसळले तर गोळ्या पंचला चिकटतात. जास्त मिसळले तर स्टिअरेटचा तेलकट थर प्रत्येक कणावर बसतो, पाणी आत शिरत नाही आणि गोळी विरघळायला वेळ घेते. ही चूक सहा महिन्यांच्या चाचणीत उशिरा उघडी पडली तर घड्याळ पुन्हा शून्यावर येते. सुरुवातीच्या मूल्यापेक्षा औषधाचे प्रमाण ५ टक्क्यांनी बदलले तरी तो ‘लक्षणीय बदल’ धरला जातो.

एका उत्पादनाला वर्ष-दीड वर्ष सहज लागते ते यामुळे. नोकऱ्यांचे गणितही यातूनच निघते. सूत्र एकदा बसले की ते वर्षानुवर्षे तसेच चालते, त्यामुळे ते बसवणारी तुकडी लहान असते. बनवणारी फौज मात्र मोठी लागते. ४५ स्टेशनचे दुहेरी रोटरी प्रेस मिनिटाला ३० फेरे घेत असेल तर तासाला १ लाख ६२ हजार गोळ्या पडतात. दर अर्ध्या तासाने वजन तपासायचे म्हटले तर दोन तपासण्यांच्या मध्ये ८१ हजार गोळ्या होऊन गेलेल्या असतात. इंडियन फार्माकोपियाप्रमाणे २५० मिलिग्रॅम व त्यावरच्या गोळीला सरासरीच्या ५ टक्के कमी-जास्त चालते, २० गोळ्यांत जास्तीत जास्त दोन त्याबाहेर गेल्या तर चालतात. पहाटे चारला, तिसऱ्या पाळीच्या डुलकीच्या वेळी, हॉपरमधली पावडर अडकून वजन उतरू लागले हे ज्याच्या लक्षात येते तो प्रॉडक्शन केमिस्ट. यंत्रे तीन पाळ्यांत चालतात, प्रत्येक पाळीला प्रॉडक्शन, क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) आणि आयपीक्यूएचा (उत्पादन चालू असतानाच गुणवत्ता तपासणारा) माणूस लागतो. जागा मोठ्या संख्येने निघतात त्या इथे.

आमच्याकडे औषधनिर्माणशास्त्राच्या मुलाला विचारले तर तो ‘एफ अँड डी’, म्हणजे फॉर्म्युलेशन विकास, म्हणतो. ते मिळत नाही म्हणून एम.फार्म. करतो आणि तरीही मिळाले नाही की खचतो. त्याला कोणी कायद्यातले आकडे दाखवत नाही, याचे मला फार वाईट वाटते. औषध नियम, १९४५ प्रमाणे औषधाचे उत्पादन पूर्णवेळ सक्षम तांत्रिक माणसाच्या देखरेखीखाली व्हावे लागते. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधराला त्यासाठी पदवीनंतर उत्पादनाचा १८ महिन्यांचा अनुभव लागतो. रसायनशास्त्र मुख्य विषय असलेल्या विज्ञान पदवीधराला ३ वर्षांचा. कारखान्यांच्या बोलीत हाच ‘एफडीए अप्रूव्ह्ड केमिस्ट’ (इथे एफडीए म्हणजे राज्याचे अन्न व औषध प्रशासन), आणि जाहिरातीत हे तीन शब्द असले की पगाराची बोलणी वेगळ्या पातळीवर होतात.

बारावीनंतर तिथवर पोहोचायला किती वर्षे लागतात, हे मांडून पाहा. बी.फार्म. चार आणि अनुभवाचे दीड मिळून साडेपाच. तीन वर्षांची बी.एस्सी. आणि तीन वर्षे अनुभव मिळून सहा. एम.फार्म. करून मग कारखान्यात शिरणाऱ्याला साडेसात, एम.एस्सी. करून शिरणाऱ्याला आठ. कन्नड, वैजापूर किंवा पैठणच्या महाविद्यालयातून रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेला मुलगा बी.फार्म.वाल्याच्या फक्त सहा महिने मागे आहे. शिक्षणाचा खर्च मात्र त्याचा कितीतरी कमी झालेला असतो. ‘केमिस्ट्री घेऊन काय करणार, मास्तरकी?’ असे घरातली माणसे विचारतात, त्यांच्यासमोर हा हिशेब ठेवावा.

एम.फार्म. वाया जाते असे मात्र नाही. फॉर्म्युलेशन विकासाच्या तुकडीत बसायचे तर फार्मास्युटिक्समधली पदव्युत्तर पदवी व्यवहारात लागतेच. जीपॅट ही प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झालेल्या एम.फार्म.च्या विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन २४ महिने मिळते, एकूण २ लाख ९७ हजार ६००. जीपॅट मिळाली तर एम.फार्म. जरूर करावे. कर्ज काढून, विषयाची ओढ नसताना, केवळ नोकरी नाही म्हणून करू नये. त्यापेक्षा शिकाऊ उमेदवारीची वाट आहे. पदवीधर शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन २०१९ च्या नियमांनी ९,००० रुपये ठरले. रक्कम तुटपुंजी आहे आणि वाळूजमध्ये खोली घेऊन राहणाऱ्याला ती पुरत नाही. पण परवानाधारक कारखान्याच्या आत गेलेला माणूस बाहेर रांगेत उभ्या असलेल्यापेक्षा पुढे असतो.

संशोधनाच्या खुर्च्या या शहरात अजिबात नाहीत असेही नाही, आणि हे मी अभिमानाने लिहितो. वॉकहार्टचे संशोधन केंद्र चिकलठाण्यात आहे. तिथल्या कामातून आलेल्या लेवोनॅडिफ्लॉक्सासिनला (एमरॉक) २०२० मध्ये भारतात मंजुरी मिळाली. नॅफिथ्रोमायसिन नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. दिवसातून एकदा, तीन दिवस, एवढाच डोस. त्यामागे १४ वर्षे आणि सुमारे ५०० कोटी रुपये खर्ची पडल्याचे सांगितले गेले. भारतीय कंपन्यांकडून नवे प्रतिजैविक येणे ही दुर्मिळ गोष्ट आहे.

याच कंपनीच्या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. २०१३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या एफडीएने वाळूजच्या कारखान्यावर आणि नोव्हेंबरमध्ये चिकलठाण्याच्या कारखान्यावर आयातबंदी लावली. आक्षेपांत नोंदींच्या विश्वासार्हतेचा मुद्दा होता. त्यानंतर या पट्ट्यातल्या मुलाखतींत ‘डेटा इंटिग्रिटी’चा प्रश्न हमखास येऊ लागला. नोंद काम करतानाच करायची, खाडाखोड एका रेघेने करून सही-तारीख टाकायची, कागद फाडायचा नाही. महाविद्यालयात जर्नल मागून उतरवून काढायची जी सवय लागते, ती कारखान्यात नोकरी घालवू शकते. प्राध्यापकांनी पहिल्या वर्षापासून प्रयोगाच्या टेबलावरच नोंद करायला लावली तर मुलांवर मोठे उपकार होतील.

नोंदींची ही शिस्त आता कायद्यानेही वाढली आहे. औषध कारखान्यांच्या उत्पादन पद्धतीचे निकष सांगणारे सुधारित शेड्यूल एम २८ डिसेंबर २०२३ ला अधिसूचित झाले. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना सहा महिने मिळाले, लहानांना वर्ष, आणि पुढे त्यांची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली गेली. जोखीम व्यवस्थापन, बदलांचे नियंत्रण, दरवर्षीचा उत्पादन आढावा, व्हॅलिडेशन हे सगळे आता छोट्या कारखान्यालाही करावे लागते. एका माणसाने प्रॉडक्शनही पाहायचे आणि क्यूएच्या फायलीही भरायच्या, हे दिवस संपत आले. ज्यांना बॅच रेकॉर्ड वाचता-लिहिता येते त्यांना लहान कंपन्यांत मागणी राहील असे मला वाटते. म्हणून नोकरी शोधणाऱ्याने मोठ्या नावांच्या रविवारच्या वॉक-इनवरच थांबू नये. लहान कारखान्यात एकच माणूस ग्रॅन्युलेशनपासून कोटिंगपर्यंत सारे पाहतो, मोठ्या ठिकाणी तीन वर्षे एकाच यंत्रावर जाऊ शकतात.

एक गोष्ट मात्र रुजू होण्याआधीच स्पष्ट करून घ्या. अनुभव मोजला जातो तो परवानाधारक कारखान्यातल्या प्रत्यक्ष उत्पादनाचा, आणि मान्यता टॅब्लेट, कॅप्सूल, लिक्विड अशा विभागांप्रमाणे पाहिली जाते. कंत्राटदारामार्फत घेत असतील तर सोडताना मिळणारे अनुभवपत्र कारखान्याचे असेल की कंत्राटदाराचे, ते विचारा. त्यावर परवाना क्रमांक, विभाग आणि कामाच्या तारखा लिहून मिळतील का, तेही विचारा. विकत मिळणाऱ्या अनुभवपत्राच्या आणि पैसे मागणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका. आणि उत्तर टाळणारी कंपनी असेल तर पाचशे रुपये कमी देणारी पण पत्रावर विभाग लिहून देणारी दुसरी कंपनी पत्करा.