प्रौढांचे इंग्रजी अध्यापन

मातृभाषा पूर्णपणे अवगत असलेल्या प्रौढ व्यक्तीस इंग्रजीचे व्याकरण व शब्दसंग्रह शिकवणे म्हणजे प्रौढांचे इंग्रजी अध्यापन होय. नोकरी, स्थलांतर व उच्च शिक्षण ही त्यामागील प्रमुख कारणे आहेत. प्रौढ विद्यार्थी नियम लवकर समजून घेतो. मात्र मातृभाषेच्या सवयी त्याच्या इंग्रजीत उतरतात आणि चुकण्याच्या संकोचामुळे तो बोलणे टाळतो.

व्याकरण

मराठीत क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येते, तर इंग्रजीत ते कर्त्यानंतर येते. 'अ', 'ॲन' व 'द' या उपपदांना मराठीत थेट पर्याय नाहीत. काळांची योजनाही भिन्न आहे. 'मी तेथे पाच वर्षांपासून काम करतो' हे सांगण्यासाठी 'आय हॅव वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' अशी रचना लागते. त्याऐवजी 'आय वर्क्ड देअर' म्हटल्यास ती नोकरी संपली आहे, असा अर्थ होतो. मुलाखतीत असा फरक महत्त्वाचा ठरतो.

शब्दसंग्रह

शब्दांची निवड वापराच्या वारंवारतेवरून केली जाते. मायकेल वेस्ट यांच्या १९५३ मधील यादीत सुमारे २,००० मूलशब्द आहेत. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये शैक्षणिक लेखनातील ५७० शब्दकुलांची यादी प्रसिद्ध केली. शब्द सुटा न शिकवता त्याच्या सोबत्यांसह शिकवणे उपयुक्त असते. 'चूक करणे' यासाठी 'डू' नव्हे, तर 'मेक अ मिस्टेक' असा प्रयोग रूढ आहे. शिकलेल्या शब्दांची वाढत्या अंतराने उजळणी केल्यास ते अधिक काळ स्मरणात राहतात.

चुकांची दुरुस्ती

ओघवत्या बोलण्याच्या सरावात शिक्षक सहसा मध्येच न थांबवता बोलणे संपल्यावर निवडक चुका दाखवतो. त्यामुळे विद्यार्थ्याचा आत्मविश्वास टिकण्यास मदत होते.