निवृत्त शिपायाची सकाळ

आपल्या नव्या कथालेखकांच्या कथांत पलटणीतून परतलेला शिपाई आला, की तो पहाटे पाचला उठतो, दाढी करतो, बुटांना पॉलिश करतो. लेखकाला वाटते, शिस्त दाखवली म्हणजे माणूस उभा राहिला. वास्तविक येथवर नुसता गणवेश उभा राहिलेला असतो.

सकाळ लिहिण्यापूर्वी साल ठरवले पाहिजे. १८९२-९३च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. त्या काळातला पेन्शनर पहाटे उठतो, तेव्हा घरात एक तरणा मुलगा झोपलेला असतो आणि त्याला पलटणीचा दरवाजा बंद झालेला असतो. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. महायुद्ध संपवून १९४६ साली गावी आलेल्या हवालदाराची सकाळ अगदी निराळी. आपण त्यालाच घेऊ.

छावणीत दाढी हा हुकूम होता. गावात न्हावी महाराच्या अंगाला हात लावीत नसे. बाबासाहेबांचे केसही लहानपणी त्यांच्या बहिणीने कापलेले आहेत. तेव्हा खोपटाच्या मेढीला आरसा अडकवून हा माणूस रोज वस्तरा फिरवतो, ते साऱ्या गावाला दिसते. आणि तांब्यातले पाणी? छावणीत नळ होता. इथे विहिरीपासून दूर उभे राहून, कुणी वरून ओतील तेव्हा त्याच्या बायकोने ते आणलेले आहे. तो त्यातले किती सांडतो, सांडताना तिच्याकडे पाहतो की नाही, हे लिहा. पुष्कळ पुरुष लेखकांच्या शिस्तप्रिय बापामागे ही खेप असते आणि कथेत ती कुठेच येत नाही.

इतक्यात पाटलाची हाक येते. आज येसकरपाळी त्याच्या घराची आहे. १९५८चा वतन-निर्मूलन कायदा अजून बारा वर्षे दूर आहे. पाळी चुकवली तर बलुत्याची भाकर भावाच्या पोरांचीही तुटेल. पॉलिश केलेले बूट समोर आहेत, येसकराची काठी कोपऱ्यात आहे. बूट घालून चावडीवर जाणे, अनवाणी जाणे, किंवा धाकट्या भावाला पाठवून स्वतः बूट पुसत बसणे. यातले तिसरे मला सर्वांत खरे वाटते, कारण त्यात त्याची लाजही दिसते. लेखकाला मात्र बहुधा पहिलेच आवडते.

आणखी एक सकाळ आपल्या माहितीची आहे. निवृत्तीनंतर सुभेदार रामजी सकपाळ परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहत. खोलीत गर्दी, अभ्यासाला निवांतपणा नाही. म्हणून मुलाला लवकर झोपायला लावून ते त्याला रात्री दोनला उठवीत. शिपायाच्या अंगातली वेळेची शिस्त अशी दुसऱ्याच्या कामी लागलेली दिसते.

आपला हवालदार स्वतः उठल्यावर कोणाला हाक मारतो आणि कोणाला झोपू देतो, तेवढे एक पान आधी लिहावे. दाढी, चहा नंतर.